हजेरीचं आवतन

नालवाडी, वर्धा
१४ सप्टेंबर २०२५

वर्षाली,

आशीर्वाद लिहायला घेतला होता, पण तू तो ठेवून घेशील की परत पाठवशील याची खात्री नाही. म्हणून नुसतं नाव लिहून सुरुवात करते. माझा नंबर तू फोनमध्ये बंद करून टाकला आहेस. दहा वेळा लावून पाहिला, शेवटी पोस्टात जाऊन पाकिटं आणली. खिडकीतला माणूस म्हणाला, "मॅडम, आता पत्र कोन लिहिते?" मी म्हटलं, ज्यांचा फोन कोणी उचलत नाही ते लिहितात. तो हसला. मी गमतीने बोलले नव्हते.

कारण साधं आहे. तुझी छत्री शाळेत राहिली. काळी, दांडा मोडलेली, त्याला तू लाल दोरा गुंडाळला होतास तीच. कपाटामागे सापडली. गिरडहून कोणी इकडे येणार असेल तर निरोप दे, नाहीतर तूच येऊन घेऊन जा. लोकांच्या वस्तू सांभाळत बसायचं माझं वय नाही.

शाळा चालू आहे. तेवीस पोरं आणि एक मी. तुझ्या जागी अजून कोणी आलेलं नाही. चारही वर्ग एकाच खोलीत घेऊन बसते, एका रांगेला पाढे लावून देते आणि दुसऱ्या रांगेवर ओरडते. अल्लीपूरपर्यंत एसटी, पुढे पाच किलोमीटर जो कोणी नेईल त्याच्या गाडीवर. छप्पन्नाव्या वर्षी लोक तीर्थाला जातात, मी शाळेला जाते.

परसबाग तू लावलीस तशीच आहे. म्हणजे आहे तिथे आहे. भेंडी निबर झाली, वालाच्या वेलाला कोणी काठी दिली नाही. पाळ्यांच्या फळ्यावर मी नावं लिहिते, पण पोरांचा जीव लागत नाही. पाण्याचा डबा घेऊन वाफ्याशी उभी राहतात आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. दुसरीतली अपेक्षा, कैलासची मुलगी, तुझी लाडकी, ती तर बागेत पाऊलच टाकत नाही. तिचा दोडका वाळला.

हजेरीच्या खुंट्याभोवती गवत वाढलं आहे. तिचं नाव पोरं काढत नाहीत, मीही काढत नाही. बकरी होती, गेली. तुझ्या वडिलांच्या, रूपरावांच्या, कळपातल्या दरसाल दोन-चार जातच असतील. रूपरावांनी शाळेला प्रेमाने पिल्लू दिलं होतं, याचं मला वाईट वाटतंच. पण वाईट वाटून घ्यायला शाळेत वेळ कुठे असतो?

अहवालाचं मनावर घेऊ नकोस. वरून कागद आला की भरून द्यावा लागतो आणि त्यात कोणाचं तरी नाव घालावं लागतं.

छत्रीचं कळव.

मीरा मॅडम


५ ऑक्टोबर

वर्षाली,

उत्तर आलं नाही. येईल असं मलाही वाटलं नव्हतं, तरी पोस्टमन दिसला की मी कुंपणापाशी जाते. शेजारच्या सुलोचनाबाईंनी विचारलंही, कोणाच्या पत्राची वाट बघता? मी म्हटलं, पेन्शनच्या कागदांची.

आज छत्रीबद्दल लिहीत नाही. अपेक्षाबद्दल विचारायचं आहे. ती मुलगी तुला कळायची, मला नाही.

परवा कैलास शाळेत आला. तुला माहीत आहे तो कसा आहे, सोयाबीन सोंगायच्या दिवसांत तो देवालाही भेटायला जाणार नाही. तरी आला. दाराशी चप्पल काढून उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, पोरगी लहान्याले हात लावत नाई."

मला आधी कळलंच नाही. तिचा भाऊ आठ महिन्यांचा आहे. शाळेतून गेली की ती त्याला मांडीवर घेऊन मऊ भात भरवायची, आणि तो दुसऱ्या कोणाच्या हातून खायचा नाही. कैलास सांगत होता, "आता तिची माय म्हनते, घे वं याले, तं हात मांगं करते. मी दोनदा रागावलो, एकडाव मारलं बी. तं काय म्हनते, बाबा, माह्या हातचं खाल्लं का मरते. सात वर्साचं लेकरू असं बोलते काय, मॅडम? कोनी शिकवलं तिले हे?"

मी म्हटलं, मुलं काहीबाही बोलतात, विसरेल. त्याला पाणी दिलं. तो पाणी न पिताच गेला.

ती विसरलेली नाही. खिचडी वाढताना कोकिळाबाई तिला लहानग्यांच्या ताटल्या पोचवायला सांगत, ते तिचं आवडतं काम होतं. आता ती हात पाठीमागे बांधून उभी राहते. स्वतःची ताटलीसुद्धा दुसऱ्या मुलीकडून आणवते. कोकिळाबाई मला म्हणाल्या, "मॅडम, या पोरीले काय झालं, तुमाले मालूम असन." मी म्हटलं, मला काय माहीत असणार.

तू त्या दिवशी नव्हतीस म्हणून सांगते. तान्ह्या पोळ्याला पाळीच्या फळ्यावर अपेक्षाचं नाव होतं. हजेरीला पोरांनी थोडं पुरण घातलं, सणाचा दिवस होता. दुपारनंतर तिची डावी कूस फुगली, संध्याकाळी ती बसली ती उठलीच नाही. अल्लीपूरहून जनावरांचे डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले, तोवर ती गेली होती. त्यांनी विचारलं, "काल कोणाची पाळी होती?" तेव्हा अपेक्षाने हात वर केला, वर्गात करतात तसा, सरळ. "शेवटी काय खाल्लं तिनं?" तर ती म्हणाली, "माही पोळी." जमलेल्या माणसांमधून कोणीतरी म्हणालं, पोराइच्या हाती मुकं जनावर देऊ नये. डॉक्टरांनीही मान हलवली. एवढंच झालं.

मी तिथेच होते. मी काय बोलायला हवं होतं, ते आता तू सांगू नकोस.

तिला कसं समजवावं ते मात्र कळव. दोन ओळी लिही. माझ्यासाठी नको लिहूस, तिच्यासाठी लिही.

मीरा


२६ ऑक्टोबर

वर्षाली,

दिवाळीची सुट्टी आहे. सुमीत या वर्षीही पुण्याहून आला नाही. चिवडा केला, तो मीच खाते आहे. सुट्टीत माणसाला फार वेळ मिळतो आणि तो चांगला नसतो.

आधीच्या दोन पत्रांत मी तुझ्याशी खोटं बोलले. सगळं खोटं नव्हतं, मास्तर लोक सगळं खोटं बोलत नाहीत, सोयीचं तेवढंच खरं बोलतात. आज सगळं लिहिते. तुला माहीत असलेलंही लिहिते, कारण ते माझ्या अक्षरात कुठेतरी असायला हवं.

छत्री कपाटामागे सापडली नव्हती. ती दारातच होती. मीच ती कपाटामागे टाकली.

तो खांदेमळणीचा दिवस होता. घरोघरी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावायची संध्याकाळ, म्हणून पोरं दुपारपासूनच हवेत होती. अपेक्षाने विचारलं, हजेरीचा खांदा काऊन नाई मळत? तू म्हणालीस, ती कुठे वखर ओढते? तर ती म्हणाली, "पन ते रोज हजेरी देते." तुला हसू आवरेना. हजेरीच्या वेळी आपण चोवीस म्हटलं की ती बरोबर ओरडायची, म्हणून तर पोरांनी तिचं नाव हजेरी ठेवलं होतं आणि तू पटावर शिसपेन्सिलीने तिला चोविसावा नंबर दिला होतास. मग सगळ्यांनी मिळून तिच्या खांद्यांना हळद लावली आणि बैलांना म्हणतात तेच तिला म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." तेवीस आवाज एकदम. हजेरीने कान हलवले. त्याचा मी व्हिडिओ काढला आणि केंद्रातल्या शाळांच्या ग्रुपवर टाकला.

तिथे माझं डोकं फिरलं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मला कोणी शाबास म्हटलं नव्हतं. त्या व्हिडिओला विस्तार अधिकाऱ्यांनी स्वतः लिहिलं, उत्तम उपक्रम, तान्ह्या पोळ्याचेही फोटो पाठवा. मी पोरांना सांगितलं, तान्ह्या पोळ्याला सुट्टी असली तरी सकाळी लाकडी बैल घेऊन शाळेत या, आणि प्रत्येकाने हजेरीसाठी घरून एक पुरणाची पोळी आणा. आवतन दिलं आहे, पाहुणी उपाशी राहायला नको.

तू पोळ्यासाठी गिरडला घरी निघाली होतीस. दारापर्यंत गेलीस आणि परत आलीस. छत्री चौकटीला टेकवलीस. म्हणालीस, "मॅडम, पोळ्या नका देऊ तिला. बैलाचं पोट वेगळं. एखादा तुकडा चालेल, जास्त झालं तर आत आंबतं आणि पोट फुगतं. आमच्या घरी दोन बकऱ्या अशाच गेल्या आहेत." पोरांकडून तू रोज पाठ करून घ्यायचीस तेही परत म्हणालीस, मूठभर दाणा, पोटभर पाला.

आणि मी काय म्हटलं? तुला आठवत असेलच. "तू कालची पोरगी मला शिकवते? जा, बस निघून जाईल." पोरांसमोर म्हटलं. तू लाल झालीस आणि तशीच निघालीस. छत्री राहिली.

तेवीस पोरांनी तेवीस पोळ्या आणल्या असत्या तरी खूप होत्या. काहींच्या आयांनी दोन-दोन दिल्या, पाहुणीला एक कशी द्यायची म्हणून. कोणी भिजवलेले गहू आणले. मी एकेका पोराला पुढे बोलावलं, हजेरीच्या तोंडाशी पोळी धरायला लावली, फोटो काढला, पुढचा. हजेरी आनंदाने खात होती. अपेक्षाचं नाव पाळीवर होतं म्हणून तिला मी शेवटी ठेवलं, चांगला मोठा फोटो यावा म्हणून. तोपर्यंत हजेरी तोंड फिरवत होती. मी म्हटलं, "अगं, तोंडात घाल तिच्या." पोरीने घातली.

हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही. म्हटलं, थोडं पुरण खाल्लं असेल. फोटो ग्रुपवरून काढून टाकले. आणि अहवालात लिहिलं की प्राण्याची देखरेख सदर शिक्षिकेकडे होती, त्या गावी गेल्या होत्या, त्यांनी आहाराबाबत कोणत्याही सूचना दिलेल्या नव्हत्या. चौकशीला साहेब आले तेव्हा तू मला त्यांच्यासमोर विचारलंस, "मॅडम, मी सांगितलं होतं ना तुम्हाला?" मी म्हटलं, मला तसं काही आठवत नाही.

तू माझ्याकडे बघत राहिलीस. भांडली असतीस तर बरं झालं असतं. कंत्राटी बाईला घरी पाठवायला आठ दिवस लागले. मला वाटलं होतं नुसता ठपका येईल. असं मला वाटलं होतं, हे खरं आहे. पण आदेश आला तेव्हाही मी गप्पच राहिले, हेही खरं आहे. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणत राहिले.

मला तुझी लाज वाटते. म्हणजे तुझ्यासमोर उभं राहायची लाज वाटते. आणि त्या सात वर्षांच्या पोरीचे हात बघायची.

शाळा उघडली की सांगेन. आधी पोरांना, मग वर.

मीरा


१६ नोव्हेंबर

वर्षाली,

सांगितलं.

वर कागद आधी गेला, कारण कागद सोपा असतो. त्यात लिहिलं की तुझी सूचना होती, स्पष्ट होती, आणि ती मी धुडकावली. अहवालातली माहिती मी जाणूनबुजून खोटी दिली. पोचपावती सोबत जोडते आहे. माझं काय करायचं ते करतील. तुझं काय करतील ते मला माहीत नाही, साहेब म्हणाले, "झालेली गोष्ट उकरून काय मिळते, मॅडम?" त्यांना मी काहीतरी उत्तर दिलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

परिपाठात प्रार्थना झाली, सुविचार झाला. मग मी पोरांना खाली बसवलं आणि उभ्यानेच सांगितलं. हजेरी आजारी पडून मेली नाही. मी तिला फार खाऊ घालायला लावलं म्हणून मेली. वर्षाली मॅडमनी मला नको म्हटलं होतं, मी ऐकलं नाही. तुमच्यापैकी कोणाचीही चूक नाही. अपेक्षाची तर मुळीच नाही. पहिलीतल्या राकेशने विचारलं, "मंग वर्षाली मॅडम काऊन गेल्या?" मी म्हटलं, माझ्यामुळे.

मला वाटलं होतं, अपेक्षा रडेल. मी खरं तर तशी तयारी करून गेले होते, पोटाशी धरीन, तोंडावरून हात फिरवीन. आपण मनात आपलंच नाटक किती छान बसवतो बघ.

मधल्या सुट्टीत ती स्वतःहून माझ्या टेबलाशी आली. हात पाठीमागे. म्हणाली, "मले मालूम होतं."

"काय माहीत होतं गं?"

"मॅडमनं तुमाले सांगतलं, पोळी नोका देऊ, तवा मी दाराजवळच होती. मी आयकलं. मले मालूम होतं पोळी नाई द्याची. तरी मी देल्ली."

मी म्हटलं, अगं, पण मी तुला द्यायला सांगितलं ना. ती म्हणाली, "हो. तुमी सांगतलं म्हून देल्ली. ते तोंड फिरवून राह्यली होती, मले दिसत होतं."

मग तिने मला विचारलं, "मॅडम, मोठ्या मानसानं सांगतलं आन ते चुकीचं असलं, तं काय कराचं असते?"

वर्षाली, मी पस्तीस वर्षं शिकवते आहे. जे उत्तर आलं ते तिला सांगायची माझी लायकी राहिली नव्हती. मी सगळं स्वतःवर घेतलं की तिचं ओझं उतरेल असं मी धरून चालले होते. ती हजेरीच्या पोळीचं ओझं वाहतच नाही आहे. तिला बरोबर काय ते ठाऊक होतं आणि तिने माझं ऐकलं, याचं वाहते आहे. माझ्या माफीने ते कसं उतरावं?

एवढं म्हणाले, "नाही म्हणायचं असतं." तर ती म्हणाली, "तुमी रागावल्या असत्या." आणि गेली.

हो. रागावलेच असते.

मीरा


२३ नोव्हेंबर

वर्षाली,

हे शेवटचं. तुझ्या दारात माझी पाकिटं साठवून तुला त्रास द्यायचा नाही.

माझी बदली होणार असं ऐकते. होऊ दे. पण त्याआधी तू एकदा शाळेत यावंस असं मला वाटतं. माझ्याशी बोलू नकोस, मी त्या दिवशी रजा टाकीन. अपेक्षाशी बोल. तिला जे मी सांगू शकत नाही, ते तू सांगू शकतेस. तू माझ्यासारखीला साहेबांसमोर विचारलं होतंस. तुला नोकरी गमवावी लागली, तरी तुझे हात तू पाठीमागे बांधले नसशील. हे तिला बघायला मिळालं पाहिजे. काल कैलास रस्त्यात भेटला, पोरीबद्दल विचारलं तर म्हणाला, "अजून बी लहान्याले हात लावत नाई."

पोरांना सांगितलं की वर्षाली मॅडमना पत्र लिहिते आहे, तुम्हीही चार ओळी लिहा. या कागदाच्या खालच्या अर्ध्या भागात त्यांनीच लिहिलं आहे. राकेशने बकरी काढली आहे, ती डुकरासारखी दिसते, त्याला सांगू नकोस. चौथीतला अंकुश म्हणाला, मॅडमले बलावू. त्यानेच मोठ्या अक्षरांत लिहिलं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. सगळ्यांना ते फार आवडलं. आपापली नावं खाली घालायला रांग लागली.

अपेक्षाची पाळी आली तेव्हा तिने पेन्सिल घेतली नाही. खोडरबर घेतला. आवतनाची ती ओळ तिने खोडली, सगळी, कागद फाटेपर्यंत. अंकुश ओरडला. मी विचारलं, काऊन गं? ती म्हणाली, "आवतन नाई द्याचं. हजेरीले देल्लं होतं. आवतन देल्लं का ते येते."

खाली कागदाला जे भोक पडलं आहे ते तिचं आहे. इतक्या महिन्यांत तिने स्वतःच्या हाताने कोणासाठी काही केलं असेल तर ते हेच. तुला वाचवलं.

म्हणून मी तुला बोलावत नाही. तुझी छत्री दाराशी चौकटीला टेकवून ठेवली आहे, तू ठेवली होतीस तिथेच. एवढंच कळवते.

मीरा